पोदयेझीची निळी नाव

"मी माफी मागणार नाही," द्राहा वोकालोवा दारातच म्हणाली. "ते आधी सांगते. मग बसते."

हेडविका श्पाचकोवाने खुर्ची पुढे केली. विमा कंपनीत चोवीस वर्षं लोकांच्या खोट्या आगी आणि खोट्या चोऱ्या उकरून काढल्यावर ती आता स्वतःच्या नावावर तपासाची कामं घेई. तिचा दीर अलोइस, निवृत्त औषधविक्रेता, तिची गाडी चालवी आणि वहीत सगळं लिहून घेई. त्याचा अर्थ मात्र त्याला बहुधा उशिरा लागे.

द्राहा पोदयेझीला साझावा नदीवर माणसं पलीकडे नेणारी नाव चालवत होती. एकतीस वर्षं. मंगळवारी सकाळी सातला तिची निळी नाव बंधाऱ्याच्या खालच्या खडकांवर फुटलेली सापडली. खुंटाची साखळी शाबूत होती, कुलूप उघडं. नगराध्यक्षांनी निकाल देऊन टाकला: म्हातारी कुलूप लावायला विसरली, नाव वाहत गेली. गुरुवारच्या सभेत तिने लेखी माफी मागायची आणि नाव कायमची बंद.

"कुलूप मी लावलं होतं."

"चाव्या किती?"

"तीन. एक माझी, एक नगरपालिकेत, एक खालच्या गिरणीत कुबिश्ताकडे. पूर आला तर नाव हलवायला."

"कुबिश्ताशी कसं आहे तुमचं?"

द्राहा हसली. गिरणीत आता पीठ दळत नाहीत, वीज तयार होते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नावेचा धक्का, त्याच्या दगडात एक जुनी खूण आहे. पाणी तिच्याखाली गेलं की नाव तरंगत नाही, आणि मग कुबिश्ताला यंत्र मंद करून नदीत पाणी ठेवावं लागतं. हा नियम गिरणीच्या परवान्यातच लिहिलेला. जुलैत त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. "पण भांडतो तोंडावर," ती म्हणाली. "माणूस तसा वाईट नाही."

बुधवारी दुपारी दोघं पोदयेझीला पोचली. ऑगस्टचं ऊन, तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. दगडी बंधारा नदीत तिरपा पसरला होता, मधोमध होड्या उतरायला ठेवलेली सखल वाट. नदीचं सगळं पाणी डावीकडच्या पाटातून गिरणीच्या यंत्राकडे वळलेलं. सुट्टीवर आलेली पोरंपोरी होड्या खांद्यावर घेऊन, नदीला शिव्या घालत काठाने खाली चालली होती.

अलोइस कापडी बूट घालूनच बंधाऱ्यावरून चालत सखल वाटेपर्यंत गेला. तळवासुद्धा भिजला नाही. तिथल्या दगडांवर निळ्या रंगाचे ताजे ओरखडे होते. शेजारच्या खळग्यात, थाळीत मावेल एवढ्या पाण्यात, बोटाएवढा मासा तडफडत होता. अलोइसला कीव आली. त्याने तो टोपीत घेतला आणि नदीत सोडला.

"जिवंत होता?" हेडविकाने काठावरून विचारलं.

"होता की. आणखी तासभराने गेला असता, वहिनी."

नगराध्यक्ष रेहोर यांनी काहीच लपवलं नाही. त्यांना पादचारी पूल हवा होता आणि नाव असेपर्यंत वरून मंजुरी मिळत नव्हती. नाव फुटली याचं आपल्याला दुःख नाही, असं ते सरळ म्हणाले. त्यांची चावी कार्यालयाच्या कपाटात होती. कपाटाला कडी नव्हती.

कुबिश्ताने खसखशीचे पाव पुढे केले. त्याची चावी दाराशी खिळ्याला. सोमवारी तो मुलीकडे मुक्कामाला गेला होता, मंगळवारी आठला परतला.

"तुम्ही नसताना यंत्र कोण बघतं?"

"बघायचं काय? जूनपासून एक मिनिटही बंद नाही ते," तो अभिमानाने म्हणाला. "द्राहाचं वाईट वाटतं हो. वय झालं की विसरतं माणूस."

शेवटी काठावरच्या बिअरगृहाची यार्मिला. नेमकी तिला, नाव ज्या पहाटे गेली त्या पहाटे, महिन्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली होती. एरवी उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला की ती शांतता तिला खायला उठते. त्या पहाटे मात्र बंधारा जरा वेळ चांगला गाजत होता, त्या आवाजातच तिचा डोळा लागला. वर कुठे पाऊस झाला असेल असं तिला वाटलं.

अलोइसने वहीत लिहिलं: पाऊस? परतताना त्याने आपलं मत दिलं. रेहोर. कारण त्याचं, कपाट उघडं, आणि वर पश्चात्ताप नाही.

"कारण आहे," हेडविका म्हणाली. "पाणी नाही."

गुरुवारी चारला अग्निशमन स्वयंसेवकांच्या दालनात सभा भरली. रेहोर यांनी माफीचा मसुदा द्राहापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला. हेडविका उभी राहिली.

"तुम्ही सगळे म्हणता, नाव सुटली आणि बंधाऱ्यावरून वाहत खाली गेली. माझा दीर काल त्याच बंधाऱ्यावरून चालत गेला. त्याचे बूट भिजले नाहीत. पाणी पाटातून जात असताना सुटलेली नाव कुठे जाईल? गिरणीच्या यंत्रापुढच्या जाळीला जाऊन अडकेल. पण ती सखल वाटेतूनच उतरली, तिथे रंगाचे ओरखडे आहेत. म्हणजे त्या पहाटे बंधाऱ्यावरून पाणी वाहत होतं. यार्मिलाबाईंनी ते ऐकलं. तीन आठवडे कोरड्या पडलेल्या वाटेत काल जिवंत मासा होता, तोही त्याच पाण्यातून आला. पाऊस तर झालाच नाही. मग पाणी आलं कुठून?"

ती कुबिश्ताकडे वळली.

"पाटाच्या तोंडाशी गिरणीचं दार आहे; ते खाली पाडलं की पाटात पाणी जात नाही, नदी बंधाऱ्यावरून जाते. ते दार नगराध्यक्षांना पाडता येत नाही, द्राहाबाईंना नाही. ज्याच्या हातात ते दार आहे त्याच्याकडे कुलपाची चावीही आहे. जाळीला अडकलेली नाव त्याच्या उपयोगाची नव्हती, ती धड राहिली असती आणि त्याच्याच दाराशी सापडली असती. कुबिश्तासाहेब, यंत्र एक मिनिटही थांबलं नाही म्हणालात. वीजमापकात दर पाव तासाची नोंद राहते. मंगळवार पहाटेची दाखवता?"

 कुबिश्ता म्हणाला, "उन्हाळ्यात वीस वीस वेळा यंत्र मंद करायला लावते ही. चार माणसांसाठी. मी मुलीकडून पहाटेच आलो. तासाभराचं काम होतं."

"चार नाही," द्राहा म्हणाली. "जुलैत भांडलो त्या दिवशी नऊ होती. आणि मला विसराळू ठरवलंस ते? समोर येऊन भांडला असतास."



रेहोर यांनी घसा साफ केला. गुन्ह्याचं पोलीस बघतील, माफीचा विषय संपला. पण नाव नाही, म्हणजे सेवा नाही. पुढील आदेशापर्यंत नदी ओलांडणं बंद.

द्राहा उठली. भिंतीवर स्वयंसेवकांची बचावाची सपाट होडी टांगलेली होती. तिने नुसतं तिच्याकडे पाहिलं. चौघांनी ती उतरवली आणि धक्क्यावर नेली, सगळी सभा मागोमाग.

"विनापरवाना आहे हे," रेहोर म्हणाले. "जो बसेल त्याचं नाव लिहिलं जाईल." सोबतच्या पोलिसाने नाइलाजाने वही काढली.

"लिहा," वल्ही हातात घेत द्राहा म्हणाली. "द्राहोमिरा वोकालोवा. जन्म इथलाच. नाव हाकते."

यार्मिलाने पुढे होऊन आपलं नाव सांगितलं आणि होडीत बसली. मग शाळेच्या बाई. मग अग्निशमनवाले, एकेक करून. पोलिसाचं पान भरलं, त्याने उलटलं. काठावर रांग वाढत चालली, ज्यांना पलीकडे काही काम नव्हतं तेही तिच्यात होते.

अलोइस वळला, पण हेडविका त्याच्या शेजारी नव्हतीच. ती रांगेत पोलिसासमोर उभी होती आणि आपलं आडनाव त्याला एकेक अक्षर सावकाश सांगत होती.