माय थांबायची ती जागा

ही गोष्ट खरी आहे. कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

आणि आधीच सांगून ठेवतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची, सगळं बंद. लहानपणी मी एकदा म्हणालो की मागच्या चिंचेवर कोणीतरी बसलंय. वडिलांनी महिनाभर त्याच चिंचेखाली मला अभ्यासाला बसवलं. अशा घरातला माणूस मी. ही गोष्ट सांगायची मला लाजच वाटते.

तरी सांगतो.

साल १९८७. मे महिना. नागपूर, इंदोरा. वेळ दुपारी अडीच-तीनची.

रात्र नाही, अमावस्या नाही, काही नाही. बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन आणि घरात कूलरची घरघर.

माझा मोठा भाऊ बळीराम तेव्हा मस्कतला वेल्डर होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. आमच्या मायला, तुळसाबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. मग ती टेपरेकॉर्डरवर बोलायची, आम्ही ती कॅसेट मस्कतला पाठवायचो, आणि दादा त्याच्या आवाजात उत्तर भरून पाठवायचा. तेव्हा पुष्कळ घरांत असंच चालायचं.

फक्त मायची एक खोड होती. तिला वाटायचं, मशीनमधून दादा लगेच ऐकतोय.

"जेवला का गा, बळीराम?" असं विचारायची... आणि थांबायची.

दादानं उत्तर द्यावं एवढा वेळ थांबायची. मग मान हलवून पुढे बोलायची. माझी बायको प्रेमिला मायला मामीजी म्हणायची; ती तोंडावर पदर धरून हसायची. "मामीजी, तिकडून आवाज नाही येत वं माय!" माय म्हणायची, "येत नसंन. पण त्याले बोलाले जागा तं पाह्यजे ना."

मार्चमध्ये मायनं शेवटची कॅसेट भरली. माईक मीच धरला होता. आमच्या घरात एक नियम होता, एकाचं भरणं चालू असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही. आवाज मिसळतो.

त्या दिवशी माय मध्येच म्हणाली, "बळीराम, माहे पाय सुजून राहिले गा. झोपलं की दम लागते. घरात सांगितलं नाही कोणाले. काही करू का गा याले?"

आणि थांबली.

खूप वेळ थांबली.

मी रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे एक्स-रे काढायच्या कामावर होतो. सुजलेले पाय आणि आडवं झाल्यावर दम, याचा अर्थ मला कळत होता. पण भरणं चालू होतं. मी गप्प बसलो. नंतर म्हटलं, या आठवड्यात गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात नेऊ.

दहाव्या दिवशी माय गेली.

दादाला सुट्टी मिळाली नाही. वामनरावांच्या किराणा दुकानात फोन होता, तिथे त्याचा ट्रंककॉल आला. लाईनवर खरखर होती, तो ओरडून बोलत होता.

"मधुकर! मायनं माह्यासाठी कॅसेट भरली होती ना? पोस्टानं पाठवू नको. गहाळ होईन. मी मे महिन्यात येतो, तिथंच आयकतो. तेवढीच राहिली आता माह्याजवळ. सांभाळ गा."

"हौ दादा," मी म्हणालो.

मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला? मला काही वाटतच नव्हतं. जेवायचो, पण मीठ कमी की जास्त ते समजायचं नाही.

सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ दवाखाना असायचा. मधल्या दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसायचो. दादानं आदल्या वर्षी एक घरगुती कॉम्प्युटर पाठवला होता. पाटीएवढा डबा, त्यावर रबरी बटणं. टीव्हीला जोडायचा. बंद केला की सगळं विसरायचा. रोज टेपरेकॉर्डरवरून कॅसेट वाजवून त्याच्यात प्रोग्रॅम नव्यानं भरावा लागायचा. भरताना कॅसेटमधून कर्रर्र... कीईई... अशी किंचाळी यायची. शेजारपाजारचे वैतागायचे.

माझ्याकडे टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम होता. बारा धडे. मी तेच करायचो. टीव्हीवर अक्षर यायचं, मी बटण दाबायचो. डोकं चालवावं लागायचं नाही.

एप्रिलच्या शेवटी तो प्रोग्रॅम बिघडला. मध्येच अडकायचा, टीव्हीवर नुसते पट्टे यायचे. एक दिवस टेपरेकॉर्डरनं मूळ कॅसेटच चावली, फीत बाहेर!

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत माझा मित्र रुपराव राहायचा. त्याच्याकडे तोच प्रोग्रॅम होता. त्यानं एका दिवसासाठी त्याची कॅसेट दिली. मी एका दुपारी बसून बाराही धडे नव्यानं भरून घेतले. त्याच्या कॅसेटवरून एक धडा कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, कॅसेट बदलायची, आपल्या कॅसेटवर तो उतरवायचा. असं बारा वेळा.

आपली कॅसेट म्हणजे टीव्हीवर पडलेली एक जुनी गाण्यांची कॅसेट. गाणी पुसायला हरकत नव्हती.

मी ती एकदाही वाजवून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम लावला. पहिला धडा आलाच नाही. टेप वाचता येत नाही, अशी ओळ टीव्हीवर आली. दुसरा आला. तिसरा आला. चौथा नाही. पाचवा, सहावा आला.

सातवा... नाही.

व्होल्टेजची कटकट असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलला. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून पाहिला. वायर बदलली. कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याच्याखाली ओला टॉवेल ठेवला. रुपरावला त्याच्या कॅसेटसकट घरी बोलावलं. त्यानं तिन्ही धडे नव्यानं भरले.

पुन्हा तेच. पहिला, चौथा, सातवा.

नवी कोरी कॅसेट आणली. तिच्यावर बाराही धडे एका झटक्यात बसले! म्हणजे मशीन ठीक. रुपराव म्हणाला, "ही कॅसेटच फालतू आहे गा. फेकून दे."

मी नाही फेकली. तो गेल्यावर वायर काढली आणि ती कॅसेट नुसतीच वाजवली.

कर्रर्र... कीईई...

आणि मग... काहीच नाही.

किंचाळी बंद. खरखरही नाही. चार-पाच सेकंद. मग पुन्हा किंचाळी.

प्रेमिला स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय म्हटलं जी?"

"कोण?"

"तुम्ही काही विचारलं ना मले?"

"नाही."

ती परत गेली.

चौथा धडा. किंचाळी... आणि शांतता. आठ-दहा सेकंद.

प्रेमिला पुन्हा दारात. नुसती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

सातवा धडा सुरू झाला. मी टेपरेकॉर्डरच्या जवळ सरकलो. किंचाळी चालली, चालली... आणि थांबली.

या वेळी कूलरचाही आवाज येत नव्हता.

पंखा फिरत होता, पाणी गळताना दिसत होतं, पण आवाज नाही. गल्लीतला नाही, काही नाही. कोणीतरी विचारलंय आणि आता सगळ्यांनी गप्प राहायचंय, अशी ती शांतता होती. मी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. पंचवीस. तीस.

तेव्हा मला कळलं.

ही शांतता मी ऐकलेली होती. माईक हातात धरून, मायच्या शेजारी बसून.

मी उठून, मायची म्हणून कपाटात जपून ठेवलेली कॅसेट लावली. दोन्ही बाजू गाणी होती. फक्त गाणी. मायचंही आम्ही अशाच एका जुन्या कॅसेटवर भरलं होतं. नाव नंतर लिहू, मी म्हणालो होतो. लिहिलं नाही.

मी मायला पुसून टाकलं होतं. बारा वेळा, धड्याधड्यानं.

आणि पुसलं गेलं होतं फक्त बोलणं. थांबणं तसंच होतं.

प्रेमिला म्हणाली, "काय झालं जी? चेहरा कसा झाला तुमचा?"

"काही नाही," मी म्हणालो. "कॅसेट खराब आहे."

चोवीस मे, रविवारी दादा आला. दोन बॅगा, डोक्यावर निम्मे केस पांढरे. मायच्या फोटोसमोर बसला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. चहा घेतला नाही. म्हणाला, "आधी कॅसेट लाव."

मी तीन आठवडे वाक्य तयार करत होतो. दादा, माझ्याकडून पुसलं गेलं. एवढंच वाक्य. तोंडातून निघालं ते भलतंच.

"दादा, कॅसेट बिघडली. आवाज खराब येते."

"येऊ दे कसा बी. लाव."

मी लावली. भित्राच मी, दुसरं काय! म्हटलं, किंचाळी ऐकेल, मला शिव्या देईल, दोन थोबाडीत मारेल, आणि संपेल.

कर्रर्र... कीईई...

दादानं डोळे मिटले. मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काही बदल नाही. टेपरेकॉर्डर कानठळ्या बसवत होता आणि हा माणूस भजन ऐकावं तसा बसला होता.

मग पहिली शांतता आली.

"जेवलो माय," दादा म्हणाला.

प्रेमिला माझ्या शेजारी होती, तिनं माझं मनगट धरलं. पुन्हा किंचाळी सुरू झाली. दादा मध्येच किंचित हसला. मायच्या बोलण्यात हसण्यासारखं तिथे होतं, मला आठवत होतं. खाप्याहून आमची बहीण कौशल्या आली आणि शेळीनं तिचं लुगडं खाल्लं, ते माय तिथे सांगत होती.

चौथ्या धड्याला तो म्हणाला, "हौ, पाठवतो. काळजी नको करू."

सातव्याला कूलर पुन्हा मुका झाला.

दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो हळूच म्हणाला, "दवाखान्यात जाय माय. आजच जाय. मधुकरले सांग."

मी तिथेच होतो. दोन हातांवर. तेव्हाही होतो.

पाच धडे आणखी गेले. मला वाटलं संपलं. पण बाराव्या धड्याच्या शेवटी, जिथे मी कधी अडकलो नव्हतो, तिथे एक शांतता आली. ती मार्चमध्ये नव्हती. मी शपथेवर सांगतो, नव्हती. मायनं शेवटी "बरं गा, ठेवतो आता" म्हटलं होतं आणि मी बटण बंद केलं होतं.

दादानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"मले नाही मालूम माय," तो म्हणाला. "विचारतो त्याले."

खट्. कॅसेट संपली.

दादानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "चांगली तं आहे गा कॅसेट. बिघडली काहून म्हणून राहिला होता तू?"

मी विचारलं, "काय... काय आयकू आलं तुले?"

त्यानं सगळं सांगितलं. शेळी आणि लुगडं. पाय सुजल्याचं. झोपलं की दम लागते, ते. ही गोष्ट माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती, मी प्रेमिलालाही सांगितली नव्हती. दादानं ती सांगितली आणि मला एक शब्द बोलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आन् शेवटी?" मी म्हणालो. "शेवटी काय म्हणे?"

दादा थोडा घुटमळला.

"शेवटी तुह्याबद्दल होतं. मधुकर रडला का गा मी गेल्यावर, म्हणे."

मी टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढली.

"रडला का तू?"

प्रेमिलानं माझं मनगट सोडलं. तिलाही तेव्हाच लक्षात आलं असावं. मी उठलो आणि टीव्हीचा प्लग काढला, टीव्ही चालू नव्हता तरी.

कॅसेट दादा घेऊन गेला. माझ्याकडे टेपरेकॉर्डर आणि ती नवी कोरी कॅसेट राहिली, बाराही धडे व्यवस्थित चालणारी. मी टायपिंग पुन्हा केलं नाही. कॉम्प्युटर रुपरावला देऊन टाकला.

याला आता किती वर्षं झाली. दादा मस्कत सोडून आला, खाप्याला घर बांधलं, ऐंशीच्या घरात आहे. त्यानं स्वतःचा टेपरेकॉर्डर जपून ठेवलाय. वर्षातून एकदा, मायच्या दिवशी, ती कॅसेट लावतो. मी दोनदा त्याच्या शेजारी बसून ऐकली. मला किंचाळीच ऐकू येते. एक शब्द नाही.

परवा त्याचा फोन आला होता. आवाज थकलेला. म्हणाला, "मधुकर, आज लावली होती गा."

"हं."

"अजून विचारून राहिली ते. काय सांगू?"

मी म्हटलं, लाईन खराब आहे दादा, नीट ऐकू येत नाही. मग इकडच्या उन्हाचं थोडं बोललो, आणि फोन ठेवला.