ज्याला वाट देतात तो माणूस

"बिघाड शोधायच्या आधी, यंत्राला काय शिकवलंय ते शोध गं पोरी."

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मुजावर सरांनी हे म्हटलं त्याला बरीच वर्षं झाली. सर गेले, वर्कशॉपच्या जागी गोदाम आलं. पण बिघडलेलं यंत्र समोर आलं, की इरा गवांदेला आधी तो घोगरा आवाज ऐकू येई आणि मग यंत्राचा.

आज समोरचं यंत्र बंद पडलेलं नव्हतं. ते नको तितकं बघत होतं.

निफाडजवळच्या त्या शीतकोठारात कांदा 'मंदश्वास' कोठ्यांत साठवत. दार लागलं की आतला प्राणवायू काढून नायट्रोजन सोडायचा. मग कांदा अर्धवट झोपेत जातो, कोंब धरत नाही, सडत नाही. माणूस मात्र त्या हवेत काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. म्हणून प्रत्येक कोठीत सुरक्षा कॅमेरे होते. आत कुणी नाही असं कॅमेऱ्यांनी सांगितल्याशिवाय नायट्रोजनची झडप उघडत नसे.

कॅमेऱ्यांचं फर्मवेअर, म्हणजे आतली प्रणाली, अलीकडेच बदललं होतं. तेव्हापासून तीन नंबरच्या कोठीतून सगळ्या बायका बाहेर आल्या तरी पडद्यावरचा आतल्या माणसांचा आकडा एकावरून हलत नव्हता. दार लागत नव्हतं, आणि आतल्या कांद्याला हिरवे डोळे फुटायला लागले होते.

"लेन्स पुसल्या, बंद करून चालू केलं, वायरमन आणला," व्यवस्थापक दौलत बोरस्ते सांगत होते. "बायका म्हणाल्या, शांत करायला गुरुजींना आणा. ते तेवढं नाही केलं."

"का?"

"ते आत गेले असते तर आकडा दोन झाला असता, मॅडम."

ते स्वतःही हसले नाहीत. इराने पडद्यावर रिकाम्या कोठीचं आदल्या रात्रीचं चित्र मोठं केलं. धुक्यात फिकट पिवळ्या रेषांची एक आकृती बसली होती. एक गुडघा उभा, एक मांडी घातलेली, मान किंचित खाली. चेहरा नव्हता. चेहरे हे यंत्र काढतच नसे.

दौलतभाऊंनी एकदा पाहिलं आणि खिडकीकडे वळले.

"ती नंदाची जागा," ते म्हणाले. "टोळीची मुकादम होती. मागच्या वर्षी याच कोठीत गेली. दार लागलं, ती आत राहिली. आतून उघडायचं बटण चालू होतं, पण तिनं ते दाबलंच नाही. भोवळ आली असेल म्हणाले तपासणीवाले. ओव्या जोडायची. निवडायला बसली की एकेक नवी."

"कसल्या?"

त्यांनी गायलं नाही, नुसतं वाचल्यासारखं म्हटलं:

"कांद्याची साल काढू, खाली साल ती पातळ,
किती सोलू सये बाई, नाही लागत गं तळ."

इराने मान हलवली. अशा गोष्टी तिच्यापर्यंत हल्ली उशिरा पोचत, गोधडीखालून ऐकल्यासारख्या. तिने पुण्याला कर्णिक सरांना फोन लावला. हे फर्मवेअर त्यांच्या गटानं लिहिलं होतं.

"सर, हे आता माणूस ओळखतं कशावरून?"

"डोळ्यांवरून नाही. कोठीत धुकं, टरफलं, अंधार. नुसत्या लेन्सवर भरवसा ठेवला की टांगलेलं पोतंही माणूस ठरतं. म्हणून आम्ही त्याला आजूबाजूची माणसं वाचायला शिकवलं. वाट-अनुमान म्हणतो आम्ही त्याला. पोत्याला कुणी वाट देत नाही, इरा. माणसाला देतात. त्याच्यासाठी सरकून बसतात, त्याच्याकडे वळतात, बोलून उत्तरासाठी थांबतात. जिथे असा प्रतिसाद, तिथे माणूस."

"आणि प्रतिसाद आहे, पण तिथे कुणीच नाही असं झालं तर?"

"रिकाम्या जागेला लोक कशाला वाट देतील?"

इरा फोन हातात धरूनच कोठीच्या दाराशी गेली. आत बायका ओळीनं कांदा निवडत होत्या. ओळीत दुसरीच्या पुढे एका माणसाची जागा सोडलेली होती, तिथे एक बारदान घडी घालून ठेवलेलं. पाटी घेऊन उठलेली बाई त्या बारदानाला वळसा घालून गेली, पदर लागू नये म्हणून सावरून. चहाचा ट्रे फिरला तेव्हा बारदानापुढे क्षणभर थांबून पुढे सरकला. कुणी ठरवून काही करत नव्हतं. लांब कोपऱ्यात, क्रेटच्या थप्पीआड, एक बाई एकटीच क्रेट रचत होती. तिच्यापर्यंत ट्रे गेला नाही. दुसऱ्या टोळीतली असेल, असं इराला वाटलं.

"देतात, सर," ती फोनवर म्हणाली.

बारदानाच्या शेजारी बसलेली मोहना नंदाची मुलगी होती. आईनंतर मुकादमपण तिच्याकडे आलं होतं.

"मोहना, हे बारदान उचलावं लागेल," इरा तिच्यापाशी उकिडवी बसली. "यंत्राला वाटतंय इथे कुणी बसलंय."

मोहनाने हातातल्या कांद्याचं सुटं साल काढलं. "मग बरोबरच वाटतंय त्याला."

"ताई, तुमचं यंत्रच बदला ना," पलीकडची म्हणाली. "ते पाहुणं. आम्ही घरचे."

"राहू दे, मावशी," मोहना म्हणाली. "कांदा सडला तर पुढच्या हंगामाला आपल्याला कोण बोलवणार?" तिने बारदान उचललं, झटकलं आणि आईच्या जागेवर सरकून बसली. भांडं एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवावं तसं. तिच्या मागोमाग ओळ सरकली आणि फट बुजली.

दुपार कलेपर्यंत पडद्यावरची पिवळी आकृती विरत गेली. आधी गुडघा, मग मान. निवड संपली, बायका हात धुवायला बाहेर पडल्या आणि आकडा शून्यावर आला. दार आपोआप सरकून बंद झालं, झडप उघडली.

"सुटलो बुवा," दौलतभाऊ म्हणाले.

इरा वायरी गुंडाळत होती, तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. 'आतील बटणात बिघाड. सूचना दुर्लक्षित.' ती पुसली गेली. पुन्हा उमटली. पुन्हा.

"घ्या. एक गेलं की दुसरं."

इराचे हात थांबले. आत कुणीच नाही असं यंत्राला ठाऊक होतं. मग आतून बटण दाबलं जात असेल तर तो बिघाडच. यंत्राच्या हिशेबात काहीच चूक नव्हती. ज्याला वाट देतात तो माणूस. आणि ज्याला कुणीच वाट देत नाही ते पोतं.

"आत कोण राहिलंय?" ती ओरडली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गमबूट काढून प्रत्येकीने आपापली चप्पल घातली होती. भिंतीशी एक जोड उरला होता.

"त्यांची पायताणं हायेत ती," एक जण खाली बघत म्हणाली.

"त्यांची म्हणजे कुणाची?"

कुणी नाव घेईना. शेवटी दौलतभाऊच बोलले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "उज्जाताईची. नंदाची नणंद. दार लावायच्या आधी, आत कुणी राहिलंय का म्हणून हाक मारायचं काम तेव्हा तिचं होतं. तिनं त्या दिवशी हाक मारलीच नाही, असं सगळ्यांनी धरलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलत नाही. हाक मारायची पद्धतही तेव्हाच मोडली. म्हटलं, आता कॅमेरे बसवलेत."

इराने काचेच्या झरोक्यातून आत पाहिलं. क्रेटना टेकून ती मघाची बाई उभी होती. एक हात बटणावर, पण तो घसरत चालला होता. इराने पुन्हा पुण्याला फोन लावला.

"सर, आत बाई अडकलीय, दार उघडा!"

"इथून कुलूप उघडायचा संकेत पाठवायला पाव तास लागेल," फोनवर कर्णिक सरांचा श्वास ऐकू येत होता. "वीज तोडू नकोस, दार दाबानं जागीच बसेल. आकडा एक झाला तर ते स्वतः उघडेल. तिच्याशी बोल! झरोक्यावरचा कॅमेरा तुला बघतोय."

इराने काचेवर हात आपटले, हाका मारल्या. आकडा शून्य.

"तुझं वजन नाही तिथे," सर म्हणाले. "ते रोजच्या माणसांवर शिकलंय. बाकीच्या जिच्या मागे वळतात अशी कुणी आहे का?"

इराने मोहनाचा दंड धरून तिला झरोक्यापुढे उभं केलं आणि बोलायच्या जाळीचं बटण दाबलं. "तिच्याकडे बघ. काहीतरी बोल आणि उत्तराची वाट बघ. नुसतं बोलून भागणार नाही. वाट बघायला लागेल."

मोहना काचेकडे बघत राहिली. काचेत तिचं स्वतःचं तोंड होतं, त्यातून आरपार बघायला तिला वेळ लागला.

"आत्या," ती म्हणाली.

आणि थांबली. मागे बायकाही थांबल्या, काचेकडे वळल्या. आत उज्जाताईंनी मान उचलली, जणू ती हाक दुसऱ्या कुणाला असावी तशी आधी बाजूला पाहिलं, मग काचेकडे. ओठ हलले.

पडद्यावर धुक्यातून दोन पिवळे खांदे वर आले. आकडा एक झाला. झडप मिटली आणि लांब सुस्कारा टाकत दार सुटलं.

बायकांनी त्यांना उचलून ओट्यावर आणलं. पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. ज्या हातांनी वर्षभर साधा पेला पुढे केला नव्हता, त्या हातांना कुठे धरावं ते कळत नव्हतं. फोनवर कर्णिक सर आकडा विचारत होते.

"एक, सर."

"बरोबर आहे?"

"आत्ता आहे," म्हणून इराने फोन ठेवला.

उज्जाताईंचा श्वास खाली बसला. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. आवाजात तक्रार नव्हती, काहीच नव्हतं.

"हाक तरी मारायची गं कुणीतरी."

मोहना पायरीवर त्यांच्यासमोर बसली होती. "तू मारली होतीस," ती म्हणाली. "त्या दिवशी. मी दाराशीच होते. मी ऐकली."

उज्जाताईंनी हात वर केला. "मोहना, राहू दे. गेलेल्या माणसाला कशाला—"

"आईनं आतून ओ दिली होती, आत्या," मोहना म्हणाली. "मी बघितलं. ओ दिली, 'आले' म्हणाली, आणि ती बसूनच राहिली."