तिच्या उंचीचं टेबल

नाकापर्यंत रिकामी खोकी रचून ती कोपऱ्यावरून वळली आणि समोरून येणाऱ्या एका लांबलचक फळीवर जाऊन आदळली. खोकी रस्ताभर झाली. फळी मात्र जागची हलली नाही, आणि फळी खांद्यावर घेतलेला माणूसही.

"दिसत नाही का हो?"

"दिसतंय ना. खोकी चालत येताना दिसली. मागे कुणी आहे, हे आत्ता कळलं."

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. नेहमीच असायचं. घरात आणि शिवणकामाच्या दुकानात सगळे तिला कात्री म्हणत, ते हातामुळे की तोंडामुळे यावर अजून एकमत नव्हतं. पण फळी भिंतीला टेकवून तो खाली बसला, खोकी गोळा करू लागला... त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता... आणि कात्री चक्क गप्प राहिली.

"घर बदलताय?"

"शहर बदलतेय," ती मान ताठ करून म्हणाली. "नाटक कंपनीच्या कपडेपटात मुख्य कटर म्हणून जातेय."

हे वाक्य तिला फार आवडायचं. आईला तर इतकं, की तिने ते दूधवाल्याला, पोस्टमनला आणि पत्ता विचारायला थांबलेल्या एका परक्या माणसालाही ऐकवलं होतं. का ऐकवू नये? लेकीने आजवर बाहेरच्या खोलीत जमिनीवर गुडघे टेकून कापड बेतलं होतं. घरचे त्या कापडावरून उड्या मारत ये-जा करायचे आणि वर तिच्याच शिव्या खायचे. आता चौथ्या मजल्यावर तिचा स्वतःचा फ्लॅट असणार होता. भाड्याचा, पण स्वतःचा! तिथे उभं राहून कापायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"तुम्ही सुतार ना?" तिने विचारलं. "मग मला एक टेबल करून द्या."

त्याची कार्यशाळा मागच्याच गल्लीत निघाली. तिने गळ्यातली टेप काढली, त्याने खिशातली.

"माप मी सांगते."

"कपड्याचं तुम्ही सांगा. लाकडाचं मी घेतो. हात पसरा... आता कोपर वाकवा."

ती उभी राहिली. आयुष्यभर तिने लोकांची मापं घेतली होती, तिचं कुणी घेतलं नव्हतं. तो कोपराजवळ वाकला, आकडा पुटपुटला आणि उगाचच दुसऱ्यांदा मोजू लागला.

"एकदा मोजून कळत नाही वाटतं?"

"कळतं," तो म्हणाला. "पण चुकायला नको..."

"आणि ते सुटं व्हायला हवं. जिना अरुंद आहे तिथला."

त्याचा चेहरा उतरला. "सुटं होणारं मी काही करत नाही. माझ्या हातचं एकदा जुळलं की जुळलं."

"मग टेबल इथे राहील आणि मी तिथे."

त्याने बाजूच्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग रंधा उचलून म्हणाला, "असं कसं चालेल?"

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. कधी लाकडाचा रंग बघायला, कधी कडा गुळगुळीत आहेत ना, ते बघायला. इकडे घरात खोकी भरत होती, भांडी कपड्यांत गुंडाळली जात होती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. आईला मात्र सगळं कळत होतं. "टेबल होतंय की राजवाडा?" ती विचारायची.

निघायच्या आदल्या दिवशी टेबल तयार झालं. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. सगळं खाचा आणि पाचरांवर उभं.

"पण एक आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हे जोडणं सोपं नाही. एक पाचर इकडची तिकडे झाली तर सगळं डुगडुगेल. म्हणजे... तिथे जोडायला मला यावं लागेल."

"खोलून दाखव बघू."

त्याने एकेक भाग सुटा केला. आणि तिथेच तिचे हात तिच्या ताब्यात राहिले नाहीत. सुटे तुकडे दिसले की ते जुळवायचे, हा तिचा रोजचा धंदा. तिने खिशातला खडू काढला, बाही आणि खांद्यावर करते तशा प्रत्येक जोडावर खुणा केल्या, लाकडी हातोडी उचलली आणि पाहता पाहता टेबल उभं केलं. त्याने दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. टेबल तसूभर हललं नाही.

"वा," तो म्हणाला. त्याला अभिमान वाटत होता, तिचाही आणि टेबलाचाही, आणि तरी तो पार हिरमुसला होता. "मग... झालंच की. माझं काही काम उरलं नाही."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. त्याने यायला एक निमित्त शोधलं होतं, आणि तिने हुशारीच्या भरात तेच मोडून टाकलं होतं! 'मला नाही जमणार' एवढंच म्हणायचं होतं. पण ते तिने उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं, आणि याच्यासमोर तर मुळीच म्हणायचं नव्हतं. तिला तो हवा होता. खोटं बोलून नको होता.

तो हत्यारं आवरू लागला. तिने हातातला खडू खिशात टाकला.

"ऐक," ती शेवटी म्हणाली. मान ताठच होती. "जोडायला तुझी गरज नाही."

"पाहिलं ना आत्ता."

"जिन्यावरून चढवायला चार माणसं मिळतील."

"मिळतील."

"मला तिथे कशालाच तुझी गरज नाही..." तिने एक श्वास घेतला. "गरज नसताना येशील?"

त्याच्या हातातली हातोडी टेबलावर टेकली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग भुवयांवरच्या भुशासकट हसला.

"येईन. पण सुतार म्हणून नाही येणार."

"सुतार म्हणून बोलावतंय कोण?" कात्री म्हणाली आणि तिने स्वतःच पुढे होऊन त्याचा हात धरला.