एकशे अठ्ठावीसचा फरक

सोमवारी सकाळी आरोही अंबाजोगाईतल्या त्या कचेरीत शिरली आणि दारातूनच तिने विचारलं, "विमलबाई तुमीच ना?"

राधाकिशनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याला ते टोचलं. पोलिसात असताना विमलबाईंना पंचनामा लिहायला त्यानेच शिकवलं होतं. आता खाजगी तपासाच्या पाटीवर त्यांचं एकटीचं नाव होतं आणि तो त्यांची स्कूटर चालवत होता.

आरोही ही सिरसाळ्याचे मेंढपाळ म्हाळू यांची मुलगी. ती बसलीसुद्धा नाही.

"बाई, आज संध्याकाळी माझा ड्रायव्हर लिनक्समधून काढणार हायेत."

"कोण काढणार, कावून काढणार? नीट सांग."

डॉक्टर सत्यशीलांच्या सिरसाळ्यातल्या रक्त तपासणी केंद्रातल्या संगणकात ईसीसी मेमरी होती. मेमरीत सगळं शून्य आणि एकमध्ये लिहिलेलं असतं. त्यातला एखादा बिट आपोआप उलटला, तर ही मेमरी तो पकडते. पण त्या संगणकाच्या बोर्डाशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, नव्हता.

"तो म्या लिवला," आरोही म्हणाली. "मेमरीत काय घडलं ते हार्डवेअरकडून घ्यायचं आन् लिनक्सला कळवायचं, एवढंच त्याचं काम. मार्चमधी तो कर्नलमधी घेतला. गावानं फ्लेक्स लावलं."

शनिवारी मुंजाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या रिपोर्टात साखर दोनशे चाळीस छापून आली. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. रविवारी मुंजाजी अंगणात कोसळले. आता ते शुद्धीवर होते, पण दवाखान्यात. त्याच संध्याकाळी केंद्रातला संगणक सांभाळणाऱ्या सोमेश्वरने कर्नलवाल्यांना मेल पाठवला होता. कर्नलमधला मेमरीचा विभाग पाहणाऱ्याने आरोहीला आज सहापर्यंत उत्तर मागितलं होतं, नाहीतर तो ड्रायव्हर काढणार होता.

विमलबाईंनी मेल वाचला. "शनिवारी दुपारी मेमरीतला एक बिट उलटला. साखरेचा आकडा एकशे अठ्ठावीसने वाढला. ड्रायव्हरने चूक ना सुधारली, ना नोंदवली."

"एकशे अठ्ठावीसच कावून?" राधाकिशनने विचारलं.

"बिटांची किंमत दुप्पट होत जाते, काका. एक, दोन, चार, आठ. तशी पुढं एकशे अठ्ठावीस."

"बरं विचारलंत, भाऊ," विमलबाई म्हणाल्या. शाबासकीही त्याला टोचली.

केंद्रात डॉक्टर सत्यशीलांनी त्यांना सरळ आत घेतलं. "मशीनची चूक असेल तर मशीन बदलू. माणसाची असेल तर मला नाव हवंय."

नमुने तपासणारी प्रियदर्शनी नुकतीच घाटनांदूरहून बसने येऊन टेकली होती.

"शनिवारी रजिस्टर घरी नेलतं, राहिलेल्या नोंदी करायला," ती म्हणाली आणि पिशवीतून ते काढलं. "हे बघा, मुंजाजी. एकशे बारा. संगणकातबी तेच टाकलं होतं."

"काल कुणी फोन करून विचारलं?"

"न्हाई. मुंजाजी पडले हेच मला आत्ता कळतंय."

राधाकिशनने बोटांवर बेरीज केली. "एकशे बारा आन् एकशे अठ्ठावीस, दोनशे चाळीस! मेल तर बरोबर हाय की, बाई."

"लई बरोबर हाय," विमलबाई म्हणाल्या. मग आरोहीला संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: ईसीसी चालू.

"लिनक्स आलं का?"

"अजून न्हाई. हे बोर्ड सोताच सांगतंय."

सोमेश्वर चहाचा कप घेऊन आला. खिडकीतून समोरच्या चौकातलं फ्लेक्स दिसत होतं. त्याने तिकडे पाठ केली.

"नऊ वर्षं हा संगणक मी सांभाळतोय. हिला कीबोर्ड मीच शिकवला. त्या फ्लेक्सवर माझा फोटो? तिकिटाएवढाबी न्हाई."

दिवसभरात राधाकिशनला जवळचा वाटलेला हा पहिला माणूस.

"ड्रायव्हर काढला तर काय होईल?" विमलबाईंनी विचारलं.

"चुका सुधारणार कोण मग? वाचा की." त्याने न वळताच अंगठ्याने मागे दाखवलं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत होतं, 'मेमरीच्या चुका सुधारणारा ड्रायव्हर लिहिणारी सिरसाळ्याची कन्या.'

"शनिवारी संगणकात काय पाहिलंत?"

"दोनशे चाळीस. तेवढंच."

"रजिस्टर?"

"मला काय गरज? ते प्रियदर्शनीकडं असतं."

चार वाजता विमलबाईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं.

"आरोहीचा ड्रायव्हर हा बातमीदार हाय, वैद्य न्हाई. एक बिट उलटला तर दुरुस्ती हार्डवेअरच करतं. लिनक्स यायच्या आधी बोर्डानं ईसीसी चालू असल्याचं सांगितलं, ते आपण पाहिलं. बातमीदार झोपला म्हणून वैद्य थांबत न्हाई. मेमरीतला एकच बिट उलटला असता, तर रिपोर्टात एकशे बाराच आले असते. म्हणजे दोनशे चाळीस माणसानं टाकले. बिटांचं गणित येणाऱ्या, पण दुरुस्ती ड्रायव्हर करतो असं समजणाऱ्या माणसानं. फ्लेक्सवाल्यानं कौतुकात काहीबी छापलं, आन् ते खरं मानलं ते फक्त जळणाऱ्यानं."

"तो मीच कावून?" सोमेश्वर म्हणाला.

"तुमच्या मेलमुळं. किती वाढला हे सांगायला आधीचा आकडा ठाऊक पाहिजे. तुमी म्हणता, दोनशे चाळीसच पाहिले. एकशे बारा रजिस्टरात होते, रजिस्टर घाटनांदूरला होतं, आन् प्रियदर्शनीला कुणी विचारलं न्हाई. मग रविवारी एकशे अठ्ठावीसचा फरक तुमी कुठून काढला? बदलायच्या आधी जुना आकडा पाहिला, तिथून."

सोमेश्वरने कप खाली ठेवला.

"मला वाटलं, परत तपासतील. म्हातारा पडंल असं न्हवतं वाटलं. मला फक्त ते फ्लेक्स उतरलेलं बघायचं होतं."

"पोलिसांना मी फोन करते," डॉक्टर सत्यशीला म्हणाल्या. "त्याआधी दुसरा मेल लिहा."

त्याने सगळं लिहिलं. आकडा आपण बदलला, मेमरीने चूक केली नव्हती, ड्रायव्हर निर्दोष आहे. तो कुणी लिहिला, या वाक्यापाशी मात्र बोटं थांबली. सहाला दहा मिनिटं होती. आरोही भिंतीला टेकून उभी होती.

राधाकिशन त्याच्या शेजारी बसला. "लिव बे."

"तिचं नाव घातल्याबिगर न्हाई का चालत?"

"न्हाई चालत. मी चार वर्षं बाईंच्या बाबतीत तेच करून पाहिलं."

विमलबाईंनी मान वर करून राधाकिशनकडे पाहिलं.

सोमेश्वरने एकेक अक्षर शोधून आरोहीचं नाव लिहिलं. राधाकिशनने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं आणि मगच त्याला मेल पाठवू दिला.