खिडकीखालचं सॉकेट

मोटरहोममध्ये चार्जिंगवरून कुरबुर व्हायचीच. तीन माणसं, तीन फोन, धाकट्याच्या बायकोचं घड्याळ, दातांचा ब्रश, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, आणि गाडी उभी असताना चालणारं सॉकेट मात्र एकच, टेबलाजवळ खिडकीखाली. बाकीची सॉकेटं इंजिन सुरू असलं तरच जागी होत. छतावरचं सोलर पॅनेल दिवसभर ऊन खाऊन जेवढी वीज साठवी, तेवढ्यात सगळ्यांनी भागवायचं.

"घरी आपण एकमेकांशी बोलत नाही एवढं या सॉकेटवरून बोलतो," बायको म्हणाली. वहिनी हसल्या. धाकटा हसला नाही.

घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. लिफ्टची तपासणी हा त्याचा पेशा. दोर, ब्रेक, वायरी, जे हाताला लागतं आणि मोजता येतं त्यावरच सही करायची, ही सवय अंगात मुरलेली. गाडी थोरल्या भावाची, दादाची. मागच्या वर्षी याच सहलीत, निम्म्या वाटेवरच्या मुक्कामाच्या तळावर दादा गेला. उरलेली वाट पुरी करायची, शेवटच्या मुक्कामाच्या तळ्यापर्यंत जायचंच, हा वहिनींचा हट्ट. "त्यांचं राहिलंय," एवढंच त्या म्हणाल्या. नाही म्हणायला धाकट्याला तोंड नव्हतं.

कारण नेमकं काय घडलं ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. दादाला कमी ऐकू येई. झोपताना तो कानातली यंत्रं छोट्या डबीत ठेवून डबी त्या सॉकेटला लावायचा. आदल्या रात्री धाकट्याने डबीची पिन काढली आणि आपल्या कॅमेऱ्याची बॅटरी लावली. सकाळच्या कोवळ्या उजेडात फोटो काढायचे होते. थोड्या वेळाने परत लावू, असं मनाशी म्हणाला आणि विसरून गेला. सकाळी दादाने यंत्रं कानात घातली, टिचकी मारून पाहिली आणि "आल्यावर बघतो" म्हणत कॅन घेऊन पाण्याच्या नळाकडे निघाला. वहिनी आणि बायको तळावरच्या न्हाणीघरात होत्या. नळापाशी पाण्याचा टँकर मागे येत होता. हॉर्न वाजत होता. धाकट्याने तो गाडीत बसून ऐकला, लांबलचक.

पोलिसांना मात्र तो म्हणाला, "हॉर्न? नाही ऐकला." हॉर्न वाजला म्हटलं असतं, तर दादाला तो का ऐकू आला नाही, हा प्रश्न आला असता. टँकरवाला हात जोडून सांगत राहिला, "मी दिला होता हो हॉर्न." त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच्यावर खटला उभा राहिला.

या खेपेला पहिल्याच मुक्कामावर धाकट्याचा फोन सॉकेटमधून निघालेला सापडला. वायर गोल गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"माझा फोन कुणी काढला?"

"मी कशाला काढू?" बायको म्हणाली. वहिनींनी नुसती मान हलवली.

पुढच्या मुक्कामावर तेच. बायकोचं घड्याळ तिथे बिनबोभाट चार्ज होई, वहिनींचा फोन होई. त्याचंच काही टिकत नसे. तसा फोन बंद पडला की त्याला बरंच वाटायचं. टँकरवाल्याच्या वकीलबाई अधूनमधून फोन करत आणि तो उचलत नसे.

मग एका दुपारी दाराजवळच्या मीटरवर त्याची नजर गेली. सॉकेट रिकामं होतं, तरी वीज जात होती. फार नाही. एखादी अगदी लहानशी वस्तू लावली असावी, इतपत. त्याने पेचकस काढला, सॉकेट उघडलं, वायरी तपासल्या. सगळं जिथल्या तिथे. शेवटी त्या सॉकेटचा फ्यूजच काढून खिशात टाकला.

मीटरवरचा आकडा बदलला नाही. वीज जातच राहिली.

त्याने सॉकेटवर तळहात ठेवला. कोमट होतं. कान लावून बघावं म्हणून तो वाकला, तेवढ्यात एक बारीक शिट्टी सुरू झाली.

ती शिट्टी त्याच्या ओळखीची होती. कुणी दादाच्या गळ्यात पडलं, कानाशी डोकं टेकवलं, की यंत्रातून अशीच यायची. घरात पोरं त्यावरून दादाला कुकर म्हणायची. पण आवाज सॉकेटमधून येत नव्हता. त्याच्या गालाला लागून येत होता.

तो ताठ झाला. शिट्टी थांबली.

"कसला आवाज तो?" पुढच्या सीटवरून बायकोने विचारलं. "गॅसची नळी बघ जरा."

"गॅस नाही तो," वहिनी म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर धाकटा गाडीत बोलेनासा झाला. जे बोलायचं ते दबक्या आवाजात, आणि तेही गाडीबाहेर जाऊन.

तळ्याशी ते सकाळी पोचले. काठावर एक लाकडी बाक होता. वहिनी तिथे जाऊन बसल्या. बायको पाण्याच्या कडेकडेने लांब चालत गेली. धाकटा गाडीतच थांबला. त्याचा फोन केव्हाचा बंद पडून टेबलावर होता, कशालाही न लावलेला.

फोन वाजला.

त्याने उचलून पाहिला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. वकीलबाई.

"शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हॉर्न वाजला होता का?"

धाकट्याने दार लावून घेतलं. तोंडासमोर हात धरला.

"वाजला होता," तो पुटपुटला. "मी ऐकला."

"मोठ्याने बोला. आणि तुमच्या भावाला?"

"त्याची यंत्रं बंद होती. चार्जिंगची पिन मी काढली होती. माझी बॅटरी लावायला."

"कोर्टात सांगाल हे?"

"सांगेन."

फोन ठेवला. वहिनींना आता आपणच सांगायचं, तो मनाशी म्हणाला. तळ्याकडे जायचं, समोर उभं राहायचं आणि सांगून टाकायचं.

दाराचा खटका वाजला. दार उघडलं.

गाडी स्प्रिंगवर किंचित वर आली. कुणी जड माणूस पायरीवरून उतरला की येते, तशी.

खिडकीतून बाक दिसत होता. वहिनींची पाठ इकडेच होती. थोड्या वेळाने त्या बाकावर जराशा सरकल्या, शेजारी जागा करून दिल्यासारख्या. मान कलती केली. बराच वेळ तशाच बसून राहिल्या, मध्येच कुणाला तरी थांबवून पुन्हा विचारावं तसा हात वर करत.

मग त्यांनी वळून गाडीकडे पाहिलं.