डाव्या कमरेचा पट्टा

"बाबा, तू डावखुरा कधीपासून झालास?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, माकेना आणि शेल्बीने, लावली होती. मागच्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून बसले असते. पण या उन्हाळ्यात पिंपांभोवती घोडा पळवायच्या शर्यतीत मी अख्ख्या जिल्ह्यात पहिली आले, पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा आहे. आता मी कुणालाही काहीही विचारते!

बाबा पॅनकेक उलटत होता. डाव्या हाताने. "काहीतरीच काय!" तो हसला आणि त्याने उलथनं उजव्या हातात घेतलं. पॅनकेक शेगडीवर पडला.

मैत्रिणी खिदळल्या. आई हसली नाही.

बाबा घोड्यांना नाल ठोकतो आणि उरलेल्या वेळात कमरेला पिस्तूल अडकवायची जुनी चामडी होल्स्टर जमवतो. तीही फक्त लुंडग्रेन नावाच्या कारागिराच्या हातची. लुंडग्रेन आमच्या शेरिडन गावचाच, आजोबांच्या लहानपणी वारलेला. घरात पिस्तूल मात्र एकही नाही. "मला चामडंच आवडतं," बाबा म्हणतो. लुंडग्रेन चामडं भिजवून पिस्तुलावर दाबून बसवायचा, त्यामुळे रिकाम्या होल्स्टरवरही आतल्या पिस्तुलाचा उठाव दिसतो. आमच्या बैठकीत भिंतभर असे उठाव आहेत.

वसंतात एका म्हातारीच्या घरच्या लिलावात त्याला डाव्या कमरेचं होल्स्टर मिळालं, पट्ट्यासकट. लुंडग्रेनने डावखुऱ्यांसाठी फार थोडी बनवली. बाबाने पट्टा पोट आत ओढून एकदाच कमरेला लावला आणि आरशात पाहिलं.

त्यानंतर हातोडी डाव्या हातात आली. खिळे सरळच बसायचे, पूर्वीपेक्षाही सरळ. दारावर टकटक झाली की त्याचा डावा पंजा कमरेशी जायचा आणि तिथेच थांबायचा. विचारलं की म्हणायचा, "कुठे? छे!"

मग घोडे त्याला टाळू लागले.

"काय रे अर्लन, आंघोळ सोडलीस की काय?" पलीकडच्या कुरणाचा ऑर्व्हिल ओरडला. "माझे घोडे तुला बघून कुंपण तोडतायत!"

बाबाही हसला. पण ऑर्व्हिलचं काम दुसऱ्या नालवाल्याकडे गेलं, मग आणखी दोघांचं. संध्याकाळी बाबा सफरचंद घेऊन कुंपणाशी उभा राहायचा. माझी घोडी ज्युनिपर लांबच्या कोपऱ्यातून नुसती बघायची. ती जन्मली तेव्हा बाबाने तिला स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढलं होतं.

मी गुपचूप होल्स्टर शेल्बीच्या गोठ्यात लपवलं. आठवडा गेला. बाबा डावखुराच.

काल संध्याकाळी ते परत आणलं. पट्ट्याच्या भोकांपैकी एकच ताणून लांबट झालं होतं, वर्षानुवर्षं त्यातच बक्कल अडकवल्यासारखं. इतकी बारीक कंबर कुणाची असेल? मी पट्टा माझ्याच कमरेला गुंडाळून पाहिला. बक्कल बरोबर त्याच भोकात बसलं.

चामडं गार नव्हतं.

खिडकीतून कुंपणाशी उभा बाबा दिसत होता. त्याने सफरचंद उजव्या हातात घेतलं. ज्युनिपर चालत आली.

मी पट्टा सोडला. ती थबकली, मागे सरली.

परत लावला. ती परत आली आणि तिने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. बाबा पाठमोरा होता. त्याचे खांदे हलत होते.

मी धावत बाहेर गेले. ज्युनिपरने मला पाहिलं.

तिने कान मागे पाडले आणि ती थेट लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

जेवताना बाबाने उजव्या हाताने बटाटे वाढले. आई त्या हाताकडेच बघत होती. मग तिची नजर माझ्या ढगळ शर्टाकडे वळली.

"काय गं, आज आमचा पोपट गप्प का?" बाबाने विचारलं. कित्येक महिन्यांनी तो असा मोकळा हसत होता.

"ठरवलंय मी," मी म्हटलं. "राज्याच्या स्पर्धेला उतरणार नाही. ज्युनिपर शेल्बीला द्या. डाव्या कमरेचा पट्टा मात्र माझ्याकडेच राहील, आणि मी तो झोपतानाही का काढत नाही, हे तुम्ही दोघांनी मला कधीच विचारायचं नाही."