पडलेल्या ओकामागची जागा

शनिवारी सकाळी प्रागहून सुटणाऱ्या त्या छोट्या गाडीत निम्मे लोक खोटं बोलत असतात. मांडीवर रिकामी टोपली, खिशात सुरी, आणि कुठे उतरणार असं विचारलं की तोंडाला येईल ते स्टेशन! रानात अळंब्या उगवतात ती जागा आमच्याकडे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

"आपण कुठे उतरणार?" समोरच्या निळ्या स्वेटरवाल्याने वेंडुलाला विचारलं.

"चेर्चानीला. आणि आपण?"

"मी? मी पार शेवटपर्यंत."

चेर्चानी यायच्या बरंच आधी, नदीकाठच्या एका चिमुकल्या स्टेशनवर गाडी हलता हलता वेंडुलाने उडी मारली. गाडी जाईपर्यंत लपावं म्हणून ती शेडमागे वळली आणि तिची टोपली कुणाच्या तरी टोपलीवर आदळली. निळा स्वेटर!

"आज चेर्चानी लवकर आली..." तो हसू दाबत म्हणाला.

"आणि तुमचं शेवटचं स्टेशनही!"

त्याचं नाव रादिम. त्या दिवशी तो नजरेआड होईपर्यंत ती भलत्याच वाटेने चालत राहिली आणि रिकाम्या टोपलीने घरी परतली. तरी दिवसभर गालातल्या गालात हसत होती. पुढच्या शनिवारी तो पुन्हा समोर बसला, थर्मासमधली कॉफी घेऊन. त्याच्या पुढच्या शनिवारी काचेवर पाऊस होता, प्लमचा मुरंबा भरलेला पाव होता, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"आज कुठे खोटं उतरायचं?" तो विचारायचा.

"तू सांग. तू माझ्यापेक्षा वाईट खोटं बोलतोस... ऐकायला मजा येते."

सप्टेंबर संपत आला आणि वेंडुलाने मनाशी ठरवलं. बाबांनी हे जग सोडून जाताना तिच्या कानात एकच गोष्ट सांगितली होती, ती जागा. आईलासुद्धा ती माहीत नव्हती. कुणाला सांगणार नाही, असं तिने वचन दिलं होतं.

"रादिम, चल. आज तुला माझी जागा दाखवते."

त्याचा कप ओठांपाशीच थांबला. लग्नाची मागणी घालणं त्यामानाने सोपं असतं.

ओल्या झाडीतून ती पुढे, तो मागे. चढ संपत आला तशी त्याची पावलं मंदावत गेली. शेवटी थांबलाच.

"पुढे एक पडलेलं ओकचं झाड आहे," तो हळूच म्हणाला. "त्याच्यामागे उतार... हो ना?"

वेंडुला गर्रकन वळली.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्या 'तुम्ही'ने त्याचा चेहरा पडला. "कारण... ही माझी जागा आहे."

"तुमची? बाबांची आहे ही! पाठलाग केलात माझा? म्हणून ती कॉफी? म्हणून ते गोड गोड बोलणं?" तिचा आवाज फाटला. बाबांना दिलेलं वचन मोडलं, आणि तेही असल्या माणसासाठी!

"वेंडुला, माझा कुत्रा सशामागे धावत इथे आला होता, तेव्हापासून येतोय मी. तुझं नावही माहीत नव्हतं मला!"

"कशावरून?"

तो चार पावलं पुढे जाऊन त्या ओकच्या आडव्या खोडावर बसला. विचार करता करता त्याचे कान लाल झाले.

"मागच्या वर्षी मी इथल्या सगळ्या मोठ्या अळंब्या नेल्या. पुढच्या खेपेला येऊन बघतो, तर कापलेल्या प्रत्येक देठाशेजारी कुणीतरी एकेक बटाटा ठेवलेला!"

वेंडुलाचा हात तोंडावर गेला. ते बटाटे तिने ठेवले होते. वर्षानुवर्षं तिच्याआधी येणाऱ्या त्या चोराला चिडवायला. कुणालाही, अगदी कुणालाही तिने हे सांगितलं नव्हतं.

"मग... काय केलंस त्यांचं?"

"सूप केलं. अळंबी, बटाटे, साय. शेपू विसरलो."

"शेपूशिवाय?" आमच्याकडे शेपूशिवाय हे सूप होतच नाही. हा धक्का आधीच्यापेक्षा मोठा होता.

"कोण असेल हे, इतकं भांडखोर, म्हणून हिवाळाभर विचार करत होतो..."

ती खाली वाकली. शेवाळाच्या पांघरुणाखाली इवल्या इवल्या अळंब्या नीट झाकून ठेवलेल्या होत्या, दरवर्षीसारख्या.

"ह्या तू झाकतोस?"

"लहान आहेत ना अजून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा म्हणायचे, चोर आहे, पण चांगल्या घरचा दिसतो. भेटला तर जेवायला बोलाव."

परतीच्या गाडीत रादिमच्या मांडीवर एकच टोपली होती, काठोकाठ भरलेली. समोरच्या आजीबाईंचे डोळेच विस्फारले.

"अगं बाई! कुठे मिळाल्या गं एवढ्या?"

"चेर्चानीला!" दोघं एकाच दमात म्हणाले.

आजीबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"अजून व्हायचंय," वेंडुला बोलून गेली आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच गार पडली.

रादिमच्या मांडीवरची टोपली कलंडली आणि अळंब्या डबाभर पसरल्या.